खाऱ्या जमिनीचा अध्याय

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण सगळी गोष्ट 'हे' आणि 'ते' करत सांगायला बसले तर ऐकणारा गोंधळून जाईल, म्हणून सांगूनच टाकते. सगुण. आणि सांगताना मी त्याला अरेतुरेच करणार. तोंडावर पंचवीस वर्षं 'तुमी' म्हटलं, तेवढं पुरे झालं.

गोव्याचं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीचा कार्तिक. चोपड्याला नदीकाठी आमचं खाजन आहे, म्हणजे होतं. खाजनातली शेतं नदीपेक्षा खोल असतात. मातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं, पावसाने मातीतलं मीठ धुऊन नेलं की भात पेरायचं. बांधात लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं आणि भरती आली की दाराच्या फळ्या आपल्या आपण मिटतात. मानशीतल्या मासळीची दर तीन वर्षांनी पावणी व्हायची, म्हणजे लिलाव. तीन वर्षं ती रघुनाथाकडे होती. रघुनाथ गावचाच, म्हापशाला कॉलेजात शिकलेला, सगळ्यांशी गोड बोलणारा. भरतीला फळी मिटू नये म्हणून तो मध्ये धोंडा घालून ठेवायचा. दार उघडं राहिलं की सुंगटं, म्हणजे कोळंबी, आत येतात, आणि सुंगटांबरोबर नदीही येते.

पाण्याच्या त्या ये-जा करण्याने बांध आतून पोखरला जायचा. सगुण तो बुजवायचा. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून चिखलाचे गोळे थापत असताना कालवाच्या शिंपीने त्याचा डावा पाय कापला. त्याने वर हळद दाबली आणि परत पाण्यात उतरला. चौथ्या दिवशी पाय भोपळ्याएवढा झाला. म्हापशाला नेला, डॉक्टरांनी दोन बोटं काढली आणि शिगम्यापर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून सांगितलं.

घरात बसलेला पुरुष म्हणजे काय असतं ते बायकांना विचारा. माझं माडाचं चुडत विणणं चुकतंय, गौरवी पाणी ओढते ते चुकतंय. गौरवी आमची मुलगी, दहावी होऊन घरी बसलेली. आठ दिवसांनी तीच म्हणाली, "आये, बाबांच्या हातात कायतरी दी गो. नायतर मी पळान जातलंय."

म्हणून मी कृष्णनाथ मास्तरांकडे गेले. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, मराठी वाचनालय चालवायचे. दोन कपाटं आणि एक बाक, एवढंच ते वाचनालय. सगुण तिसरी शिकलेला, पण दर श्रावणात देवळात पोथी तोच वाचायचा. आवाज खणखणीत. पोथीचे नेमही त्याचे कडक होते. अध्याय अर्ध्यावर टाकायचा नाही. एक ओवी गाळायची नाही. शब्द चुकला तर मागे जाऊन ओवी पुन्हा पहिल्यापासून. म्हातारी माणसं डुलक्या घेत असली तरी हा पठ्ठ्या शेवटच्या ओळीपर्यंत जाणार.

मास्तरांनी एक जाड निळं पुस्तक दिलं. वरची पानं गेलेली, त्यामुळे त्याचं नाव काय ते आम्हाला कधी कळलंच नाही. जगातले जुने लोक, त्यांची राज्यं, त्यांच्या चालीरीती, असं सगळं होतं आत. शाळेतल्या मुलांसाठी आणि घरी बसून शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं, असं मास्तर म्हणाले.

सगुणने काय करावं? हातपाय धुतले. माळ्यावरून पोथीची ठवणी काढायला लावली. त्यावर पुस्तक ठेवलं, हात जोडले, आणि मग सुरू केलं.

"ओ, ही पोथी न्हय," मी म्हटलं.

"छापलेलां आसा मगे? बस आणि आयक."

मी कुठली बसते! मी चुडतं विणत ऐकायची, गौरवी नाचणी पाखडत ऐकायची. पहिल्यांदा इजिप्तचा राजा आला. मेल्यावर राहायला म्हणून त्याने डोंगराएवढं दगडाचं घर बांधून घेतलं.

"मेल्यार घर?" मी विचारलं. "आणि बांधणारे खंय रवत?"

सगुणने पुढच्या दोन ओळी वाचल्या. "झोपडीत. तेंका खावक पाव आणि कांदे दित."

"पाव दित तरी. आमच्या भाटकारान, जमनीच्या धन्यान, बांधार कधी पोईचो तुकडो दिल्लो?"

सगुण खळखळून हसला. पाय कापल्यापासून पहिल्यांदा. खरं सांगते, मला ते बरं वाटलं.

मग रोजचंच झालं. दुपारची पेज झाली की तो ठवणी मांडायचा. चीनची भिंत झाली, नाईल नदीचा पूर झाला. मी कधी म्हापशाच्या पलीकडे गेले नव्हते, पण नाईलला पूर कुठल्या महिन्यात येतो ते मला माहीत झालं. बांधावर चिखलाची पाटी नेताना मनात यायचं, तिथंसुद्धा कोणीतरी बाई अशीच पाटी नेत असेल, तिचंही मानेचं हाड असंच दुखत असेल. राजांची नावं पुस्तकात ओळीने होती. त्या बाईचं काही नव्हतं. मी सगुणला तसं म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, "लिवणारो राजाकडे चाकरेक होतो, तो काय करतलो?"

माघात सुमेर आला. दोन नद्यांमधला देश, हजारो वर्षांमागचा. तिथली माणसं ओल्या चिखलाच्या पाट्यांवर काडीने लिहायची.

"चिखलार?" गौरवी म्हणाली. "मगे आमच्याकडे काय कमी आसा? बाबानू, तुमी बांधार लिवा."

सगुण हसला नाही. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. त्याने ती ओळ मनात वाचली, मग सुरुवातीला गेला आणि मोठ्याने म्हटली.

"'पाटाच्या पाण्याबरोबर आलेले क्षार जमिनीत साठत गेले. गहू खाऱ्या मातीत तग धरीना, म्हणून लोक सातू पेरू लागले. पुढे सातूही उतरला. अखेर शेते पांढरी पडली.'"

पुस्तक तसंच उघडं ठेवून तो उठला. काठी घेतली. पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून सांगितलेला माणूस, लंगडत खाजनात गेला. तासाने आला तो मुठीत मातीचं ढेकूळ घेऊन. वरचा पापुद्रा पांढराधोप.

"बघ."

"बघतंय. मीठ. त्यात नवीन काय?"

"नवीन नाय गो, ताच सांगतंय. ह्यां आधी झालेलां आसा. माणसां होती आमच्यासारखी, शेतां होती. लिवन ठेवलेलां आसा कोणीतरी." त्याचे डोळे लाल झाले होते. "माका वाटायचा, आमचाच नशीब फुटका. आमचाच कायतरी चुकता."

मी ते ढेकूळ हातात घेतलं. जिभेला लावायची गरज नव्हती, तरी लावलं. आमच्या खाजनात आधी तीन खंड्या भात यायचं, गेल्या वर्षी दीड आलं होतं. आणखी तीन वर्षं मानस रघुनाथाकडे राहिली तर काहीच येणार नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. रघुनाथ देवळाच्या मंडपाला पत्रे घालून देणार होता.

"वैशाखात पावणेची सभा," सगुण म्हणाला. "मी थंय वाचतलंय."

*

सभेच्या आदल्या दिवशी मी त्याला बजावलं. तो अध्याय मी आता दहा वेळा ऐकला होता, त्यात पुढे काय येतं ते मला तोंडपाठ होतं.

"शेतां पांढरी पडली, थंयपर्यंतच वाचा. आणि पुस्तक बंद करा."

"आणि पुढचां?"

"पुढचां नुको. पुढच्यात वर्षां येतत."

"अध्याय अर्धो टाकतंय?"

"ही पोथी न्हय, पोथी न्हय, पोथी न्हय! किती वेळा सांगू?"

तो पायाची पट्टी बदलत होता. बोटं काढलेल्या जागी कातडं अजून ओलं होतं. "लोक आयकाक बसतले," तो म्हणाला. "तेंका अर्धां सांगून कसां उठू मी?"

रविवारी सकाळी मंडप भरला. खाजनाच्या शेतकऱ्यांच्या संघाचा अध्यक्ष भिकाजी, सगुणचा चुलतभाऊ, पानाचा तोबरा भरून बसलेला. रघुनाथ धुतलेल्या शर्टात, पहिल्या रांगेत. आम्ही चार-पाच बायका खांबाला टेकून. भिकाजीने विषय सांगितला, मानस पुढच्या तीन वर्षांसाठी द्यायची. मग म्हणाला, "सगुणाक कायतरी वाचून दाखवचा आसा म्हणे."

सगुण पुढे गेला. ठवणी मांडली. पुस्तकाला हात जोडले तसे मागचे कोणीतरी फिसकन हसले. पण त्याने तोंड उघडलं आणि हसणं थांबलं. श्रावणात वाचतो त्याच आवाजात वाचत होता तो. दोन नद्या. पाट. गव्हाची शेतं. देवळं आणि कोठारं. गहू गेला, सातू आला. सातूही उतरला. भिकाजीने पान चघळायचं सोडलं. आमच्यातली एक म्हातारी पुटपुटली, "आमचो आसगो गेलो तसोच." आसगो भात तिच्या नवऱ्याने दोन वर्षांमागे सोडलं होतं.

"'अखेर शेते पांढरी पडली.'"

मंडपातले पुरुष एकमेकांकडे बघत नव्हते, आपापल्या पायांकडे बघत होते, आणि प्रत्येकाच्या टाचेच्या भेगेत ते मीठ होतं. त्या घडीला कोणी हात वर करा म्हटलं असतं तर रघुनाथाला गावात एक हात मिळाला नसता. देवाशपथ सांगते.

"पुरे," मी म्हटलं. मोठ्यानेच म्हटलं. "पुरे झालां."

सगुणने माझ्याकडे बघितलं. माझं ऐकलं होतं त्याने, नीट ऐकलं होतं. मग पान उलटलं.

"'ही अवस्था येण्यास सुमारे सहाशे ते सातशे वर्षे लागली. दक्षिणेकडील नगरे ओस पडली. तथापि लोक उत्तरेस गेले, तेथे नवी नगरे उदयास आली, आणि व्यापार, कायदा व विद्या यांची भरभराट झाली.'"

अध्याय संपला. त्याने पुस्तक मिटलं आणि कपाळाला लावलं.

रघुनाथ उठला. आवाज एकदम मऊ. "सगुणमामानू, फार बरां वाचलात. एक शंका आसा. किती वर्षां म्हटलात?"

"सहाशे ते सातशे."

"परत एकदा सांगा, मागच्यांका आयकूक येवक नाय."

सगुणने परत पुस्तक उघडलं, ओळ शोधली, आणि परत वाचली. आठवणीतून सांगितली नाही. वाचली. "सहाशे ते सातशे."

"आमी पावणी करतो तीन वर्षांची," रघुनाथ म्हणाला.

आधी एक हसला, मग दोन, मग सगळा मंडप. सुटल्यासारखे हसले लोक. मघाशी छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं त्यांच्या. कोणीतरी ओरडलं, "सगुणा, तोपर्यंत तुझे पणतू विमानात बसान जातले रे!" रघुनाथ हसला नाही, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "मामांक हसा नुको. पुस्तकातलां शेवटचां वाक्य कोणी आयकलां? लोक मरूक नाय. उठले, दुसरीकडे गेले, मोठे झाले. मीठ धरून बसले नाय." मग पिशवीतून नारळ काढला आणि पुढे येऊन ठवणीसमोर ठेवला. अध्याय संपला की पोथीपुढे ठेवतात तसा. वाकून नमस्कारही केला मेल्याने.

हात वर झाले. मी मोजले नाहीत. भिकाजीचाही झाला.

घरी येईपर्यंत मी त्याच्या पुढे दहा पावलं चालले. अंगणात आल्यावर मात्र सुटले.

"एक ओळ! एक ओळ गिळली असती तर काय जीभ झडान पडतली होती?"

"ती ओळ खरी आसा गो."

"खरी आसा तर आसूंदी थंयच! तुमका कोणी बोलयलेलां सगळां खरां सांगाक? तो रघुनाथ सांगता सगळां खरां? फळयेत धोंडो घालता तां सांगलान तेणां?"

सगुण पायरीवर बसला. चालून चालून पट्टीतून रक्त आलं होतं. "मी एक ओळ चोरली," तो म्हणाला, "तर आधीच्यो दहा ओळी कोण खऱ्यो मानतलो?"

ते खरं होतं. म्हणून जास्तच राग आला. अजून आहे तो राग, खोटं कशाला बोलू. नारळ मी उचलून आणला नव्हता. गौरवीने आणला होता.

*

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. सगळ्यांनी सरकारी बियाणं पेरलं, आम्ही कोरगुट. कोरगुट म्हणजे खाजनातलं जुनं लाल भात, थोडं खारं पाणी सोसणारं. गावात ते आता फक्त आमच्याकडे होतं. सगुणच्या आजाच्या हातचं बी, दर वर्षी त्यातलंच काढून ठेवलेलं. मोड आणून सगुणने ते आपल्या हाताने फेकलं. दहाव्या दिवशी शेत हिरवं दिसायला लागलं.

आषाढात पावसाने नऊ दिवस दडी मारली. पाऊस नसला की गोडं पाणी कमी आणि खारं चढतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तेव्हा तरी मानस मिटलेली हवी. रघुनाथाने धोंडा काढला नाही. मानशीवर त्याचा एक माणूस बसलेला असायचा, मंगेश, बेळगावकडचा.

सगुण गेला. "धोंडो काढ."

"मामा, माझी रोजी जाईल," मंगेश म्हणाला. मग नदीकडे तोंड करून बसला. "तुमी काढा. मी बघितलं नाही. पण मुकादम येतोय बारा वाजता, तवा मला परत घालावा लागंल."

असं सुरू झालं. सगुण धोंडा काढायचा, मंगेश घालायचा. दिवसाला दोन भरत्या. आठ बोटांचा माणूस शेवाळलेल्या पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात जायचा, दोन्ही हातांनी धोंडा उपसायचा, आणि दोन तासांनी तोच धोंडा तिथंच. तिसऱ्या दिवशी त्याला उतरायला जमेना, म्हणून मी उतरले. साडी खोचून, मंगेशच्या समोर, पाण्यात. तो बिचारा तोंड फिरवून बसायचा. मांड्यांचं कातडं सोलवटलं माझं. हाताच्या बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्या, रात्री चुलीतली राख लावून निजायची. रघुनाथ एकदा बांधावरून जाताना थांबला आणि म्हणाला, "मामी, ह्या वयात कित्या त्रास करून घेता?"

मी त्याला काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

नऊ दिवसांनी पाऊस आला तेव्हा सरकारी भाताचे शेंडे तांबूस होऊन वाळले होते. आमचं कोरगुट अर्धं उभं होतं. सगुण रोज सकाळी जाऊन बघायचा. श्रावणात देवळातून पोथीचं बोलावणं आलं, तो गेला नाही. पाय दुखतो म्हणून सांगितलं. मास्तर निळं पुस्तक परत मागायला आले नाहीत आणि आम्ही उघडलंही नाही. त्यातले रोमन लोक आमचे राहूनच गेले.

भाद्रपदी पुनवेची भरती दुपारी बाराला होती. पोटरीतून कणसं नुकती बाहेर आलेली. मी अंगणात लाकडं फोडत होते, तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. मानशीच्या उजव्या अंगाला बांध सुटला होता. आम्ही पोचलो तेव्हा भोक दोन हातांचं होतं. माडाच्या झावळ्या, खुंट, पोती, हाताला लागेल ते माणसं टाकत होती. सगळा गाव आला. भिकाजी त्या वयात चिखलात छातीपर्यंत उतरला. मंगेशसुद्धा उतरला, मुकादमाला न विचारता. पाणी पोतं गिळायचं आणि पुढचं मागायचं. सगुण भोकाच्या तोंडाशी खुंट धरून उभा होता, मागून मी त्याच्या कमरेला धरलं होतं. मग आमच्या पायाखालची मातीच सरकली. कोणीतरी दोघांना ओढून काढलं. बघता बघता दहा हात बांध गेला. भिकाजी बांधाच्या तुटलेल्या टोकावर बसून मोठमोठ्याने रडायला लागला, पोरासारखा. ओहोटी आली तेव्हा पाणी उतरलं, भात मात्र आडवं पडलं होतं, आणि तीन दिवसांत सगळं कुजून त्याचा वास घरापर्यंत येऊ लागला.

चौथ्या दिवशी भिकाजी आमच्या सोप्यावर येऊन बसला. पायावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडत राहिला.

"सातशे वर्षां म्हटलेलंस तू," तो शेवटी म्हणाला. "पाच म्हयनेय लागले नाय रे."

मी आतून बाहेर आले. सोडणार नव्हते मी त्याला. पण सगुण आधी बोलला, अगदी हळू.

"पुस्तकातली नदी गोडी होती, भिकाजी. गोड्या पाण्यातलां मीठ. चिमटी चिमटीन साठत गेलां, म्हणान तेंका सातशे वर्षां लागली. आमची नदी खारी. आमी दारच उघडून ठेवलां." त्याने कपाळाला हात लावला. "त्या दिसा रघुनाथान विचारल्यान, तेन्ना ह्यां सांगूचा होता माका. तीन म्हयने ताच पान वाचत होतंय मी. माका सुचलांच नाय."

मी दारात उभी राहिले. इतके महिने ती एक ओळ गिळली नाही म्हणून मी त्याला धारेवर धरलं होतं. ओळ गिळायची गरजच नव्हती. तीच ओळ धरून उलट विचारता आलं असतं रघुनाथाला, भर मंडपात. मलाही सुचलं नव्हतं, आणि मी तर तो अध्याय तोंडपाठ म्हणत होते.

भिकाजी उठून गेला.

बांध परत घालायचं कोणी नाव काढेना. थंडीत रघुनाथ कागद घेऊन आला. सगळं खाजन दहा वर्षांसाठी, सुंगटांच्या तळ्यांना. एकेक करून सगळ्यांनी सह्या केल्या. आमचे तुकडे मधोमध, चहूकडून पाणी. आम्ही सही केली काय आणि न केली काय. तरी सगुण फाल्गुनापर्यंत थांबला. मग एक दिवस रघुनाथ स्वतः आला, सोप्यावरच्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसला. सगुणने कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागला. तीन पानं. कलमं, पोटकलमं, साक्षीदारांची नावं, सगळं. रघुनाथ घड्याळ बघत होता. मी भांडी घासत होते, मुद्दाम हळू घासत होते. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर सगुणने सही केली.  

*

मिरग लागला. सात दिवस सारखा पाऊस. खाजनात यंत्राने तळी खोदायचं काम चालू होतं, त्याचा आवाज पावसातही यायचा. मी तिथं पाट्या टाकायला जाते आता, गौरवीही येते.

चुलीवर मुडी टांगलेली होती. पेंढ्यात बांधून ठेवलेलं बियाणं, अर्धी मुडी. गेल्या वर्षी पेरताना सगुणने तेवढं मागे ठेवलं होतं. यंदा पेरलं तर रुजेल, हा पाऊस गेला की रुजायचं नाही. सगुण ते घेऊन धारगळपर्यंत जाऊन आला होता, कोणाला तरी द्यावं म्हणून. तिथली शेतं गोड्या पाण्याची. एकाने मूठभर हातावर घेऊन बघितलं आणि परत मुडीत ओतलं. म्हणाला, लाल भात आता कोण खातो, आणि हे उंच वाढतं, आडवं पडतं. सगुणने मुडी परत आणून होती तिथं टांगली. आठवा दिवस उजाडला. पेरायचे दिवस निघून चालले होते. सगुण सकाळी उठून मुडीकडे बघायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. मला ते बघवेना.

मी स्टुलावर चढून मुडी काढली. कोयत्याने दोर कापला. भात व्हायनात, म्हणजे उखळात, घालून सडलं. गौरवी बघत राहिली, मग दुसरं मुसळ घेऊन समोर उभी राहिली. आम्ही दोघी आळीपाळीने घाव घालत होतो.

दुपारी पेज वाढली. घट्ट, लाल. सगुण पाटावर बसला आणि वासानेच त्याला कळलं.

"मुडी फोडलंस?"

"फोडलंय."

तो उठतोय असं वाटलं मला. हात पाटाला टेकवून अर्धा उठलाही होता. मग परत बसला. चार बोटांनी पेज ढवळली.

"बाबानू," गौरवी म्हणाली, "दहा वर्षांनी खाजन परत मिळतला, तेन्ना काय पेरतलो आमी?"

सगुण जेवत होता. मी तिच्या ताटात पेज वाढली, त्याच्या ताटात वाढली, आणि उरलेली माझ्या ताटात घेतली. अर्धी मुडी तिघांना अकरा दिवस पुरली.